वास्तू तथास्तु म्हणते म्हणून

सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं,
असलं अभद्र घरात बोलू नका,
वास्तू तथास्तु म्हणते.
म्हणून यशोधनच्या मरणाचा हिशेब
आम्ही गाडीत बसून केला,
पिओरियात, मेनार्ड्सच्या पार्किंगमध्ये,
हीटर लावून.

मागे मुक्ता झोपलेली, तोंड उघडं,
एक बूट पायात, एक सीटखाली.
कागद नव्हता. ऑइल बदलल्याची पावती होती,
तिची पाठ कोरी.

विमेवाला डॅरिल म्हणाला होता, पगाराच्या दहापट.
किती सोपं.
पाढा दहाशी संपतो, तसा माणूसही.

पण यशोधन नीटस माणूस, त्यानं रकाने आखले.
घराचं कर्ज : अजून सव्वीस वर्षं.
मुक्ताचं कॉलेज : इथे पेन अडखळलं,
ती अजून 'र'ला 'ल' म्हणते.
गाडी. दातांची तार, ती इथे सगळ्यांनाच लागते.
मग त्यानं लिहिलं 'अंत्यविधी',
आणि खोडून वर लिहिलं 'किरकोळ'.

मी विचारलं, डॉलरमध्ये की रुपयांत?
म्हणजे?
म्हणजे मी राहणार कुठे?
माझा व्हिसा तुझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला,
तू गेलास की तोही गेला.
मुक्ता शाळेत जाणार ती इथल्या पिवळ्या बसनं
की मिरजेच्या रिक्षातनं, दप्तर बाहेर लटकवून?
एवढ्या पैशात मिरजेत आम्ही दोघी राण्या,
इथे चार वर्षं, आणि मग उसनवारी.
मरण एकच,
भाव दोन.

तो वायपरकडे बघत राहिला.
समोर एक म्हातारा गाडीच्या टपावर
नवाकोरा दरवाजा बांधत होता,
दोरी आवळून पुन्हा सोडत होता, पुन्हा आवळत होता.
कडी नव्हती अजून त्या दाराला.

आता माझा, मी म्हणाले.
माझ्या रकान्यात उत्पन्न : शून्य.
कमवायची परवानगीच नाही,
आणि शून्याची दहापट काढायला डॅरिल कशाला हवा?
यशोधन लिहू लागला. पाळणाघर.
दुपारी तीनला शाळेतून आणणं.
स्वयंपाक : आकडा टाकला,
माझ्याकडे बघितलं, वाढवला.
तापात रात्रभर जागणं, ह्याला काय भाव लावू?
रात्रपाळीचा लाव.
आईला रोज फोन करणं,
म्हणजे त्याच्या आईला.
तिथे त्यानं पेन ठेवलं.
तू मला परवडणार नाहीस, म्हणाला.

हसलो. मुक्ता चाळवली, कूस बदलून पुन्हा निजली.
काचांवर आमचाच श्वास साचला होता,
बाहेरचं दुकान, म्हातारा, दरवाजा
काहीच दिसेना.

आकडा ठरला. सांगत नाही.
थोडा कमी पडेल असाच ठरवला.
अगदी पुरेल एवढं लिहायला
त्याचा हात होईना,
आणि मीही रेटलं नाही.
हे चुकीचं आहे, मला कळतं.
सोमवारी डॅरिलला सांगून वाढवेन, त्याला न विचारता.

घरी गॅरेजचं दार वर जाताना तो म्हणाला,
उद्या शिडी लावून छपराची पन्हळ साफ करतो,
पानं तुंबलीत.
इतकी वर्षं ती शिडी भिंतीला टेकून होती,
मला कधी एवढी उंच दिसली नव्हती.

पावतीची घडी कुपनांच्या मागे सरकवली,
मुक्ताला खांद्यावर घेतलं,
आणि उंबरा ओलांडताना मुद्दाम मोठ्यानं म्हटलं,
सत्तरी उलटली तरी तुझं घोरणं काही थांबत नाही.
वर्तमानकाळात. शंकेला जागा नको.

घर ऐकत असेल.
सगळं नाही, आमचं त्यातलं अकराच टक्के,
बाकीचं बँकेचं.
स्वयंपाकघर आणि जिना, एवढं तरी होत असेल अकरा टक्क्यांत.
तेवढ्यानं म्हटलं तरी चालेल.